‘तो काही करत नाही हो’ म्हणण्याआधी

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत राहतो, वय ६७. मुलगा नोकरीमुळे पुण्याला गेला आणि त्याने आणलेला लॅब्रॅडॉर आमच्याकडे राहिला. नाव रॉकी, वय अडीच वर्षं, वजन ३४ किलो, स्वभावाने फार प्रेमळ. दिवसभर गेटच्या आत बांधलेला असतो. संध्याकाळी साडेपाचला मी त्याला जवळच्या बागेत नेतो. गेल्या आठवड्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी समोरून पळत आली. रॉकीने तिच्या अंगावर उडी मारली आणि ती पडली. गुडघा खरचटला, दंडावर नखाचा ओरखडा उठला. मी म्हणालो, “घाबरू नका, तो काही करत नाही, खेळायला गेला.” त्यावर तिची आई आणखीनच भडकली. आता कुणी सांगतं चोक चेन घाला, कुणी म्हणतं तोंडाला जाळी बांधा. घरातून सांगणं असं की बागेत नेणंच बंद करा. सुट्टीत आठ वर्षांचा नातू येतो, त्यालाही रॉकीला फिरवायचं असतं. काय करावं?

उत्तर :

काका, रॉकीचं नंतर बघू. आधी त्या मुलीचं बघायला हवं.

गुडघा बरा होईल. दंडावरचा ओरखडा मात्र कुठल्या तरी डॉक्टरने पाहिलाय का, याची आजच चौकशी करा. कुत्र्याच्या नखाने कातडी खरवडली गेली, तर रक्त आलं नसलं तरी रेबीजच्या हिशेबात ती दुसऱ्या वर्गातली इजा धरतात. दात घुसला, रक्त आलं किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तर तिसरा वर्ग. त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं. कुत्रा आपले पंजे चाटत असतो, म्हणून नखाचा ओरखडाही हसण्यावारी न्यायचा नाही. रॉकीचं लसीकरण वेळेवर झालेलं असेल तर धोका फारच कमी आहे, पण “आमच्या कुत्र्याला लस दिलीय” हे सांगून मुलीची लस टाळायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. तो निर्णय तिच्या डॉक्टरांचा. आठवडा उलटला म्हणून उशीर झाला असं समजून सोडून देऊ नका. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तुम्ही रॉकीचं लसीकरण कार्ड त्यांच्यापर्यंत पोचवा, आणि त्या दिवसापासून दहा दिवस तो नीट खातोय-पितोय, वागणं बदललेलं नाही, हे लक्ष ठेवून कळवा. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला, तर डॉक्टर त्यावरून पुढचे डोस ठरवतात.

अशी वेळ पुन्हा कुणावर आली तर लगेच करायचं ते एकच : वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आपली सांगली हळदीची, घराघरात हळद हाताशी, त्यामुळे पहिला हात तिकडेच जातो. कुत्र्याने केलेल्या जखमेवर हळद, चुना, तिखट यांतलं काहीही लावू नका. माझ्या दवाखान्यात लोक कुत्र्याला घेऊन येतात आणि बोलता बोलता स्वतःचा हात दाखवतात. त्यावर हळदीचा लेप बसलेला असतो. साबण आणि पाणी विषाणू धुऊन काढतं. लेपाखाली तो तसाच राहतो.

आता तुमच्या त्या वाक्याबद्दल. ‘तो काही करत नाही.’ मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून बाहेर पडल्याला पंचवीस वर्षं झाली, आणि कुत्रं पाळणाऱ्या माणसाच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला त्याचा कुत्रा माहीत असतो. पण समोरच्याला तो माहीत नसतो, आणि पाच वर्षांच्या मुलीला तर नाहीच नाही. त्या वयाचं मूल सतरा-अठरा किलोचं असतं. रॉकी ३४ किलोचा, म्हणजे तिच्या दुप्पट. आपल्या दुप्पट वजनाचं, दात असलेलं जनावर तोंड उघडं टाकून आपल्याकडे झेपावतंय, हे तिने पाहिलं. त्याच्या मनात प्रेम होतं की राग, याने तिच्यासाठी काय फरक पडला?

हे वाक्य मीही एकदा म्हटलंय. माझं माहेर साताऱ्याचं. कॉलेज संपलं त्या वर्षी आटपाडीकडच्या एका शेतकऱ्याने मला कारवानी जातीचं पिल्लू दिलं. चिमी नाव ठेवलं. कारवानी म्हणा, मुधोळ म्हणा, ही आपल्या दुष्काळी पट्ट्यातली आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडची कुत्री, नजरेने शिकार धरणारी. २००५ साली टपाल खात्याने मुधोळवर तिकीटही काढलं. वाऱ्यासारखी पळतात, आणि पळणारी गोष्ट दिसली की विचार न करता मागे लागतात. मला हे पुस्तकातून पाठ होतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला एका मोकळ्या मैदानात, कुणी नाही असं बघून, मी चिमीची दोरी सोडली. पाच मिनिटांत उतारावरून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा काठीने टायर पळवत खाली आला. चिमी निघाली. तिला टायर दिसला होता, मुलगा नाही. पण मुलाने मागे पाहिलं तेव्हा त्याला फक्त चिमी दिसली. मी धावत ओरडत होते, “अरे, ती काही करत नाही, थांब, पळू नको!” तो दगडात तोंडावर पडला. चिमी टायरजवळ जाऊन उभी राहिली, शेपटी हलवत. मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले. चिमीचा दातही लागला नव्हता त्याला. पुढची दोन वर्षं तो मुलगा आमच्या गल्लीतून जाताना आजीच्या पदराला धरून पलीकडच्या कडेने जायचा, आणि आमच्या फाटकावरून नजर हलवायचा नाही. हनुवटीची खूण पुसट झाली असेल. ते बघणं मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगते : अंतर राखणं आपलं काम. मुलाने धीट व्हावं, पळू नये, ओरडू नये, आपल्या कुत्र्याचा स्वभाव ओळखावा, ही अपेक्षा आपण ठेवायचीच नाही. बाग मुलांसाठी असते. आपण तिथे कुत्रा घेऊन जातो तेव्हा आधी बाजूला व्हायचं ते आपण.

आता रॉकीचं असं का झालं ते बघू, कारण ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे. दिवसभर बांधलेला, आणि साडेपाचला सुटतो. अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर म्हणजे ऐन जोमातला पोरगा. पाण्यात पोहून शिकारीचे पक्षी आणून द्यायला तयार केलेली ही जात. दिवसभर खुंट्याला राहिल्यावर अंगातली सगळी ताकद घेऊन तो ज्या वेळी बाहेर पडतो, नेमकी तीच वेळ मुलांची असते. शाळा सुटलेली, क्लासला अजून अवकाश, झोपाळा-घसरगुंडीवर गर्दी. कुठलाही कुत्रा याच वेळी, याच अवस्थेत तिथे नेला तर उडी मारेल. मला वाटतं रॉकीत दोष शोधण्याआधी वेळापत्रक बदलावं.

पहाटे पावणेसहाला निघा, चाळीस मिनिटं तरी. हरिपूरच्या रस्त्याला जमलं तर उत्तम, नाहीतर कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांनी. आणि त्याला ओढत नेऊ नका, हुंगू द्या. एका खांबाजवळ तो दोन मिनिटं नाक खुपसून उभा राहिला तर तुम्हीही उभे राहा. हुंगण्याने कुत्रं जितकं शांत होतं तितकं पळवण्यानेही होत नाही. संध्याकाळचा फेरा साडेसातनंतर. दिवसा बांधून ठेवणं शक्य तितकं कमी करा. गेट बंद असेल तर आवारात मोकळा असू दे. नुसत्या एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत तो बराच निवळेल. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

चोक चेनबद्दल मी अगदी स्पष्ट बोलते : घालू नका. ज्याने सुचवलं त्याचा हेतू चांगला असेल, पण घडतं काय ते बघा. समोर मूल दिसलं, रॉकी आनंदाने पुढे झाला, गळ्याला कच्चकन फास बसला. असं वीस वेळा झालं की कुत्र्याच्या डोक्यात काय पक्कं होतं? ‘मूल दिसलं की गळा आवळतो.’ उडी मारणं वाईट, हे त्याला कळत नाही. आज त्याला मुलं आवडतात. फासाने तुम्ही त्याला मुलांचा तिटकारा करायला शिकवाल. उडी कदाचित थांबेल, आणि तिच्या जागी एक दिवस गुरगुर येईल. माझ्याकडे ‘डॉक्टर, हा एकदम कसा बदलला’ म्हणून येणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांच्या मानेवरचे केस चेनने झिजलेले असतात.

त्याऐवजी छातीला पुढून कडी असलेला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, घ्या. दोरी त्या पुढच्या कडीला लावली की कुत्रा ओढायला गेला तर त्याचं अंग आपोआप तुमच्याकडे वळतं, जोर पुढे लागत नाही. तुमच्या वयाला हे महत्त्वाचं, कारण ओढाओढीत माणसंही पडतात. दोरी साधी, जाड सुती किंवा नायलॉनची, चार ते सहा फूट. ती बटण दाबून लांब होणारी, डबीत गुंडाळली जाणारी दोरी बागेत वापरू नका. पंधरा फूट पुढे गेलेला कुत्रा तुमच्या ताब्यात नसतो, आणि पळत्या मुलाला ती बारीक दोरी दिसत नाही. पोटरीला घासली तर कातडी सोलवटते. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. फास अंगठ्यातून घेऊन मूठ मिटायची, दुसरा हात मध्यावर.

तोंडाच्या जाळीला आपल्याकडे बैलाच्या मुसक्यासारखं मुसकं म्हणतात आणि लोक नाक मुरडतात, पण ती शिक्षा नाही. एखादा कुत्रा पूर्वी चावलेला असेल किंवा भेदरट असेल तर जाळीचं मुसकं घालून फिरवणारा मालक मला सगळ्यांत शहाणा वाटतो. मात्र ते पिंजऱ्यासारखं, आत तोंड उघडता येईल असं हवं. कापडी पट्टी बांधली तर कुत्र्याला धापता येत नाही, आणि धापेशिवाय त्याचं अंग थंड होत नाही. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ते जिवावर बेतेल. रॉकीला मात्र मुसक्याने काही साधणार नाही. तो चावलेला नाही, त्याने उडी मारली. ३४ किलोचा कुत्रा मुसक्यासकट उडी मारेल, आणि वर ती जाळी मुलाच्या तोंडावर आपटेल.

मग उडी कशी थांबवायची? घरापासून सुरुवात करायची. रॉकी तुमच्या अंगावर उडी मारतो तेव्हा तुम्ही काय करता? बहुतेक जण “अरे बस बस” म्हणत दोन्ही हातांनी त्याला खाली ढकलतात. त्याच्यासाठी तो खेळच. आजपासून घरातल्या सगळ्यांनी एक करायचं : उडी मारली की पाठ फिरवायची, अवाक्षर बोलायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी वळून हळू आवाजात शाबासकी आणि तुकडा. उकडलेल्या चिकनचा, पनीरचा, गाजराचा, नखाएवढा. जो पाहुणा हे पाळणार नाही त्याला रॉकी आत बांधल्याशिवाय घरात घेऊ नका, मग तो जावई का असेना. एकाने जरी लाडाने उडी खपवून घेतली तर सगळं पाण्यात.

हे घरी जमलं की बागेच्या बाहेर. आत नाही, बाहेर. मुलांचा आवाज येतोय, ती पळताना दिसतायत, पण रॉकी त्यांच्याकडे बघूनही तुमचं ऐकतोय, एवढ्या लांब उभे राहा. ते अंतर तोच सांगेल. चाळीस पावलांवर त्याचे कान पुढे झाले पण दोरी सैल आहे, तर ती तुमची जागा. तीस पावलांवर दोरी ताणली गेली आणि तुकडा नाकाशी धरला तरी त्याचं लक्ष जात नाही, तर तुम्ही जास्त जवळ आलात. मुकाट्याने मागे फिरा. चाळीस पावलांवर तो मुलांकडे बघतो, तुम्ही ‘हां’ म्हणता आणि तुकडा देता. पुन्हा बघतो, ‘हां’, तुकडा. दहा-बारा वेळा झालं की एक गंमत दिसते : मूल दिसलं की तो आपणहून मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. हीच ती जागा. मूल म्हणजे काकांकडे बघायचं, हे त्याच्या अंगात मुरलं. मग पुढच्या दिवशी दोन पावलं जवळ. रोज दहा मिनिटं पुरे, आणि नेहमी सगळं नीट चाललेलं असतानाच परत फिरायचं. याला महिना लागेल, दोन लागतील. घाई केली तर पहिल्यापासून.

बागेत गेल्यावरची एक साधी युक्ती. कुणाशी बोलायला थांबलात, तर दोरीचा मधला भाग पायाखाली धरा, इतका की रॉकी आरामात उभा राहील, बसेल, पण उडी मारायला गेला तर दोरी पुरणार नाही. कुणाला कळतही नाही आणि ओढाताण होत नाही. आणि झोपाळे, घसरगुंडी, वाळूचा खड्डा यांच्या आत कुत्र्याला न्यायचंच नाही, कधीही, कितीही शहाणा झाला तरी. फाटकावरचा फलक वाचा; कुत्रा आणू नये असं लिहिलेलं असेल तर वाद न घालता परत फिरा. नोंदणीचं काय लागतं ते महापालिकेत विचारून करून टाका. कायद्याचंही माहीत असलेलं बरं : १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलं समोरून येणारच. तुमच्या गुडघ्याएवढं एखादं ‘भू भू’ करत दोन्ही हात पसरून धावत सुटेल. तेव्हा रॉकीला मागे ओढत बसू नका, तुम्ही स्वतः एक पाऊल पुढे होऊन त्या दोघांच्या मध्ये उभे राहा, वाहतूक पोलिसासारखा तळहात पुढे करा आणि हसून म्हणा, “थांब बाळा, हा अजून शिकतोय.” ‘चावेल हं’ म्हणायचं नाही, ती भीती जन्मभर पुरते. आणि ज्या मुलाला हात लावायचाच असेल, आईबाबा सोबत असतील, रॉकी बसलेला असेल, तर मुलाला त्याच्याकडे पाठवू नका, रॉकीला येऊ द्या. तो आपणहून पुढे आला तर मुलाने छातीला किंवा खांद्याला हात लावायचा, डोक्यावरून नाही. तीन आकडे मोजायचे आणि हात काढायचा. रॉकी अजून जवळ सरकला तर पुन्हा. तोंड फिरवलं तर संपलं. मी मुलांना सांगते, काकांना विचारलंस, आता कुत्र्यालाही विचार. त्यांना हे लगेच पटतं, मोठ्यांना वेळ लागतो.

कुत्र्याचं ‘नको’ मोठ्यांना दिसत नाही, हेच माझं दुखणं आहे. मागे माझ्या दवाखान्यात बाकावर एक पामेरियन बसला होता, पांढराशुभ्र, कुणाच्या तरी मांडीवर. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, गालाला गाल लावला. मुलाची आई मोबाइलवर ते टिपत होती, सगळे कौतुकाने बघत होते. मी दारातून पाहिलं : कुत्र्याचं इतका वेळ उघडं असलेलं तोंड मिटलं. जीभ पटकन बाहेर येऊन नाकाला लागली, आत गेली. त्याने मान लांब वळवली, पण डोळे मुलावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसायला लागला. अंग थिजलं. शेपटी तेवढी हलत होती, ताठ, बारीक. मी पुढे होऊन मुलाचे हात हळूच सोडवले, तोवर वरचा ओठ थरथरायला लागला होता. आणखी दोन सेकंदांत गालाचा चावा झाला असता, आणि सगळे म्हणाले असते, ‘काही कारण नसताना चावला.’ चार-पाच वेळा सांगितलं होतं त्याने. शेपटी हलली म्हणजे कुत्रं खूश, हे डोक्यातून काढून टाका. ते चाळवलेलं आहे, एवढंच त्यावरून कळतं. लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून त्यांना चावा चेहऱ्याला आणि मानेला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार रेबीजचा संशय असलेलं जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात.

तुमच्या नातवाला आणि त्याच्या मित्रांना दोन गोष्टी शिकवा. पहिली, ‘स्टॅच्यू’. खेळतातच ती. अनोळखी कुत्रं अंगावर आलं की स्वतःलाच स्टॅच्यू द्यायचा : पाय जुळलेले, हात पोटाशी बांधलेले, नजर स्वतःच्या पायांकडे, आवाज बंद. पळणाऱ्याचा पाठलाग होतो. न हलणाऱ्याला हुंगून कुत्रं बहुधा निघून जातं. दुसरी, पडलो तर कासव : गुडघे पोटाशी, तोंड खाली, मुठी मानेमागे, कान झाकलेले. अंगणात दोन-चारदा खेळून दाखवा, तोंडी सांगून ते आठवत नाही.

नातवाला रॉकी फिरवायचाय ना, फिरवू दे. पण दोन दोऱ्या लावा. हार्नेसची खरी दोरी तुमच्या हातात, गळ्यातल्या पट्ट्याची दुसरी त्याच्या हातात. आठ वर्षांच्या मुलाने ३४ किलोचा कुत्रा एकट्याने धरायचा नाही. मांजर दिसली की पोरगं फरफटत जाईल. मित्रांना दाखवायला म्हणून तो रॉकीला गर्दीत नेईल, तेव्हा तुम्ही हाताच्या अंतरावर असायला हवं.

खाण्याचं एक अवश्य सांगायचंय, कारण आपल्या गावात हा धोका जास्त. मुलांना कुत्र्याला भरवायला आवडतं आणि सांगलीतल्या मुलांच्या हातात काय असतं? भडंग, आणि खिशात बेदाणे. तासगावचा बेदाणा माणसाला कितीही चांगला असला तरी द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुणाला किती बाधेल याचा अंदाज लागत नाही, म्हणून एकही नको. भडंगात लसूण असतो, तो आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेटही विषारी. मुलं प्रेमाने देतात, त्यांना रागवू नका. खिशात रॉकीचे तुकडे ठेवा आणि त्यातला एक त्यांना द्या. हातावर नाही, जमिनीवर टाकायला सांगा.

आणि शी. रॉकीची शी त्याच मिनिटाला उचलायची, झाडीत केली असली तरी. याचं कारण नुसतं घाणीचं नाही. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी शीबरोबर पडतात. ताजी अंडी बाधत नाहीत. ओलसर, उबदार मातीत त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. शी तोवर वाळून, पावसाने विरून दिसेनाशी झालेली असते, पण अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मग तिथे मुलं मातीत खेळतात, हात तोंडात जातो, आणि ती अळी कधी यकृतात, कधी फुप्फुसात, कधी डोळ्यात पोचते. डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. आकडेकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणजे तुम्ही आज उचललेल्या पिशवीने तीन आठवड्यांनंतरच्या एका मुलाचा डोळा वाचतो, आणि ते मूल कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वर्षाला रेबीजची लस, आणि आपल्याकडे पुराचं पाणी, उंदीर हे सगळं असल्याने लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लसही चुकवू नका.

भटक्या कुत्र्यांचं थोडक्यात. रॉकी बागेच्या फाटकाशी आला की चार कुत्री भुंकत येतात, असं बहुतेक ठिकाणी होतं, आणि मुलांच्या घोळक्यात कुत्र्यांची भांडणं जुंपणं हा उडीपेक्षा मोठा धोका. लांबून दिसली की वाट बदला. जवळ आलीच तर मूठभर तुकडे त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि न पळता, तिरके होत निघून जा. बागेच्या दारात त्यांना खाऊ घालणारे भले लोक असतील तर त्यांच्याशी प्रेमाने बोला; २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायला सांगितलंय.

राहिली ती मुलगी आणि तिची आई. तुम्ही त्यांच्याकडे जा. रॉकीला न घेता, कार्ड घेऊन, शक्यतो काकूंना बरोबर घेऊन. “तो खेळायला गेला” हे पुन्हा म्हणू नका. “चूक माझी होती, मी त्याला आवरायला हवं होतं,” एवढं म्हणा आणि दवाखान्याचा खर्च विचारा. मुलीला रॉकीला हात लावून भीती घालवायला सांगायचा मोह होईल; मोठी माणसं असं करतात. तो आवरा. ती महिनाभराने चाळीस पावलांवरून त्याला बसलेला बघेल, कदाचित कधीतरी वीस पावलांवरून. नाही बघितलं तरी चालेल. बागेत ती असेल तेव्हा तुम्ही दुसऱ्या कडेने निघून जायचं, आणि ते तिला दिसू द्यायचं.

रॉकीची नखं वाढलेली असणार; दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची ती झिजत नाहीत, आणि तो ओरखडा त्यामुळेच उठला. शनिवारी संध्याकाळी त्याला घेऊन या, कापून देते. फक्त दवाखान्याच्या फाटकाबाहेरच थांबून मला हाक मारा. आत बाकावर मुलं बसलेली असतात, त्यांना एका कडेला घेते आणि मग बोलावते.